पहिली थीम पार्क सहल: खाण्याचं वेळापत्रक आणि खर्चाचा हिशेब

थीम पार्कच्या सहलीचं बजेट मांडताना बहुतेक घरांत तिकीट, प्रवास आणि हॉटेल हे तीन आकडे नीट लिहिले जातात. मग 'खाणं-पिणं' या चौथ्या ओळीत अंदाजपंचे एक रक्कम टाकली जाते, आणि नेमकी तीच ओळ फसते. तिकीट आणि हॉटेल एकदा ठरलं की ते आकडे हलत नाहीत. खाण्याचा आकडा मात्र दिवसभर हलत राहतो आणि तोही उन्हात, दुखऱ्या पायांनी, रडकुंडीला आलेल्या मुलासमोर. अशा वेळी कोणीही समोर दिसेल ते, सांगतील त्या किमतीला घेतं. म्हणून माझं सांगणं असं की आधी दिवसाचं घड्याळ मांडा, कोण कधी कुठे खाणार ते ठरवा आणि मग पैशाला हात घाला. वेळ बसली की खर्च आपोआप आवाक्यात येतो.

आधी पार्कचे नियम वाचा

ही पायरी कंटाळवाणी आहे, पण बजेटचा पाया इथेच पडतो. प्रत्येक पार्कचा नियम वेगळा असतो आणि एका पार्कचा अनुभव दुसऱ्या पार्कला लावला की घोटाळा होतो. फ्लोरिडातल्या वॉल्ट डिस्ने वर्ल्डमध्ये घरचं खाणं आत नेता येतं. दारू आणि काचेची भांडी चालत नाहीत. टोकियो डिस्नेलँडमध्ये डबा आत चालत नाही, त्यासाठी फाटकाबाहेर बसून खाण्याची वेगळी जागा ठेवलेली आहे. नेदरलँड्समधल्या एफ्टेलिंगमध्ये स्वतःचा डबा घेऊन जाणारी कुटुंबं नेहमीच दिसतात. अमेरिकेतल्या इंडियाना राज्यातलं हॉलिडे वर्ल्ड तर २००० सालापासून शीतपेयं फुकट देतं. पेनसिल्व्हेनियातल्या नोबेल्समध्ये प्रवेशच फुकट आहे आणि पैसे फक्त राइडचे भरायचे असतात, त्यामुळे तिथल्या बजेटचं गणितच निराळं.

तुमच्या पार्कच्या अधिकृत संकेतस्थळावर पुढच्या गोष्टी शोधून वहीत उतरवा. बाहेरचं खाणं आणि पाण्याची बाटली आत चालते का? मोठी थंड पेटी चालते का? चालत असेल तर किती मापाची? एकदा आत गेल्यावर बाहेर येऊन त्याच तिकिटावर पुन्हा आत जाता येतं का? मेन्यूवर छापलेल्या किमतीत कर धरलेला आहे का? आणि मूल कोणत्या वयापर्यंत 'मूल' मानलं जातं?

शेवटचा प्रश्न जेवणाच्या बिलात फार मोठा फरक पाडतो. डिस्ने वर्ल्डमध्ये ३ ते ९ वर्षं हा बालगट, आणि १० पूर्ण झालं की मूल प्रौढ. टोकियोत ४ ते ११ बालगट आहे आणि १२ ते १७ असा मधला गट वेगळा. म्हणजे दहा वर्षांचं तेच मूल एका ठिकाणी बफेत मोठ्या माणसाचे पैसे भरेल आणि दुसऱ्या ठिकाणी लहान ठरेल. वाढदिवस सहलीच्या आसपास येत असेल तर तारखा ठरवतानाच हे बघून घ्या. हे नियम बदलत असतात, म्हणून निघण्याच्या आठवड्यात पुन्हा एकदा वाचा.

दिवसाचं घड्याळ मांडा

पार्कमध्ये हजारो माणसांना एकदमच भूक लागते. दुपारी साडेबाराला कोणत्याही काउंटरसमोर उभं राहून बघा: एक पालक रांगेत, दुसरा मुलांना घेऊन टेबल शोधत फिरतोय, धाकटं कडेवर, थोरलं 'पाणी, पाणी' करतंय. ट्रे हातात येतो तोवर सापडलेलं टेबल गेलेलं असतं. जेवायला वीस मिनिटं पुरली असती, तिथे सगळं मिळून तास निघून जातो. तिकिटाचे पैसे आपण तासांसाठीच भरलेले असतात, त्यामुळे असा वाया गेलेला तास हाही खर्चच.

यावर उपाय सोपा आहे. दुपारचं जेवण अकराच्या सुमारास तरी घ्या, नाहीतर दोननंतर. लहान मुलं असतील तर अकराच बरं, कारण दोनपर्यंत ती थांबत नाहीत आणि मधल्या काळात चार वेळा काहीबाही घ्यावं लागतं. अकराला जेवायचं तर नाश्ता सकाळी लवकर, फाटक उघडण्याआधी व्हायला हवा. उघडल्यानंतरचा पहिला तास-दीड तास हा राइडच्या रांगा सर्वांत छोट्या असण्याचा काळ. तो वेळ आत जाऊन नाश्त्यात घालवणं मला अजिबात पटत नाही. खोलीवर खाऊन निघा, किंवा नाश्ता हातात घेऊन फाटकाच्या रांगेत उभे राहा.

मग दिवस साधारण असा बसतो: सकाळी सातला नाश्ता, अकराला जेवण, साडेतीनच्या आसपास काहीतरी थंड आणि गोड, पाच-साडेपाचला संध्याकाळचं जेवण. रात्रीच्या आतषबाजीपर्यंत थांबणार असाल तर आठच्या सुमाराला पिशवीतला कोरडा खाऊ. संध्याकाळचं जेवण लवकर घेण्याचं कारणही तेच, गर्दी. आतषबाजीआधीच्या दोन तासांत सगळी हॉटेलं भरून वाहतात. उलट दुपारच्या मिरवणुकीच्या वेळी लोक रस्त्याच्या कडेला बसलेले असतात आणि काउंटर मोकळे मिळतात. तुमच्या मुलांना मिरवणुकीचं वेड नसेल तर ती वेळ जेवणासाठी सोन्यासारखी.

जेवणानंतर लगेच गरगर फिरणाऱ्या राइडवर जाऊ नका. जेवण झालं की बसून बघायचा एखादा खेळ किंवा संथ होडीची राइड असं ठरवून ठेवा. सावलीत, शक्यतो वातानुकूलित जागी अर्धा तास गेला की पोटही स्थिर होतं आणि भर दुपारचं ऊनही टळतं.

मोठं जेवण एकच, आणि तेही आधी ठरवलेलं

पार्कमध्ये खाण्याचे ढोबळ मानाने चार प्रकार असतात. गाडीवरचा खाऊ, काउंटरवरून ट्रे घेऊन बसायचं जेवण, वाढपी येऊन ऑर्डर घेतो ते जेवण, आणि बफे. त्यातच मुलांची आवडती कार्टूनमधली पात्रं (म्हणजे त्यांचा वेश केलेले कलाकार) टेबलापाशी येऊन भेटतात ते बफे सर्वांत महाग. पहिल्या सहलीत सगळंच करून बघण्याचा मोह होतो. तो आवरा. तीन दिवसांची सहल असेल तर बसून, निवांत, वाढून घेऊन खाण्याचं जेवण एकदाच ठेवा आणि बाकी सगळं काउंटरवर भागवा. पैशाचा प्रश्न आहेच, पण त्याहून मोठा प्रश्न वेळेचा. वाढपी असलेल्या ठिकाणी तास-सव्वा तास सहज जातो आणि लहान मुलांना रोज तेवढं खुर्चीत बसवणं हे कोणाच्याच सुट्टीचं सुख नाही.

ते एक जेवण मात्र कंजुषी न करता निवडा. मुलं पात्रांसाठी वेडी असतील तर पात्रांचं बफे घ्या. त्याची किंमत डोळ्यावर येते, पण पार्कमध्ये त्याच पात्रांना भेटण्यासाठी प्रत्येकाची वेगळी रांग लावावी लागते, ती इथे वाचते. मुलं मोठी असतील आणि त्यांना राइडच हव्या असतील तर या बफेवर पैसे घालू नका. त्याऐवजी शेवटच्या दिवशी शांत जागी एक चांगलं जेवण घ्या.

बुकिंगची तारीख घरातल्या कॅलेंडरवर ठळक लिहा. डिस्ने वर्ल्डमध्ये जेवणाचं बुकिंग ६० दिवस आधी उघडतं, आणि त्यांच्याच हॉटेलात राहणाऱ्यांना मुक्कामाच्या पुढच्या दिवसांचंही (१० दिवसांपर्यंत) त्याच दिवशी करता येतं. गाजलेल्या जागा त्या सकाळीच भरतात. हुकलं तरी निराश होऊ नका. लोकांचे बेत बदलतात, रद्द झालेली बुकिंगं पुन्हा ॲपवर दिसतात आणि सहलीच्या एक-दोन दिवस आधी तर हमखास हालचाल होते. मात्र रद्द करण्याची मुदत वाचून ठेवा. न सांगता गैरहजर राहिलं तर अनेक ठिकाणी माणशी दंड कार्डवरून कापला जातो.

आता हिशेब

प्रत्येक पार्कच्या किमती वेगळ्या, चलन वेगळं, म्हणून इथे आकडे गुणांत मांडते. मोठ्या माणसाचं काउंटरवरचं एक जेवण म्हणजे १० गुण धरा. त्याच्या तुलनेत लहान मुलाचं जेवण ६, गोड किंवा थंड खाऊ ४, पाण्याची बाटली २, आणि वाढून मिळणारं किंवा बफेचं जेवण मोठ्यांना ३०, मुलांना १८. हे प्रमाण उदाहरणादाखल आहे. तुमच्या पार्कचा मेन्यू संकेतस्थळावर असतो. त्यातले खरे भाव घेऊन हाच हिशेब करा.

आई, वडील आणि दोन मुलं, पार्कमध्ये तीन दिवस.

किराणा दुकानातून आणलेला नाश्ता: दिवसाला ८
दुपारचं काउंटरवरचं जेवण: ३२
चौघांचा साडेतीनचा खाऊ: १६
संध्याकाळचं काउंटरवरचं जेवण: ३२

दिवसाची बेरीज ८८. तीन दिवसांचे २६४. यातलं एक संध्याकाळचं जेवण (३२) काढून त्या जागी मोठं जेवण (९६) घातलं की ३२८.

आता इथे बरेच जण थांबतात, आणि थांबू नये. कर आणि टिप राहिली आहे. अमेरिकेत मेन्यूवरच्या किमतीत विक्रीकर नसतो, तो बिलात वर चढतो, आणि वाढपी असलेल्या जागी १८ ते २० टक्के टिप देण्याची रीत आहे. दोन्ही मिळून मोठ्या जेवणावर जवळजवळ पाव हिस्सा वाढतो: ९६ वर २४. काउंटरच्या जेवणावर आणि खाऊवर फक्त कर, तो साधारण १४. झाले ३६६. जपानमध्ये टिप देत नाहीत आणि छापील किंमत करासह असते, त्यामुळे तिथे या ओळीत शून्य येईल. कार्ड परदेशात वापरणार असाल तर बँक चलनबदलाचा आकार लावते, तो बँकेला विचारून याच ओळीत मिळवा. शेवटी १० टक्के राखीव. एकूण सुमारे ४०० गुण.

यात पाण्याच्या बाटल्या मुद्दाम धरल्या नाहीत. चार माणसं, माणशी दिवसाला तीन बाटल्या, म्हणजे २४ गुण. तीन दिवसांचे ७२. चौघांच्या दोन दुपारच्या जेवणांपेक्षा जास्त! आणि उन्हात दिवसभर चालताना माणशी तीन बाटल्या ही काही उधळपट्टी नाही, तेवढं पाणी लागतंच. म्हणून प्रत्येकाची स्वतःची, नाव लिहिलेली, न फुटणारी बाटली घरूनच न्या. पार्कमध्ये पाणी भरायचे नळ नकाशावर दाखवलेले असतात. डिस्ने वर्ल्डच्या काउंटरवर मागितलं तर बर्फाच्या पाण्याचा पेला फुकट देतात. कोणत्याही पार्कमध्ये असं विचारायला लाजू नका. संपूर्ण बजेटमधली सर्वांत सोपी बचत हीच आहे, आणि तिच्यासाठी कोणाला काही सोडावं लागत नाही.

पहिल्या संध्याकाळी किराणा

मुक्कामी पोचलात की पार्कच्या आधी किराणा दुकान गाठा, किंवा सामान खोलीवर मागवा. तीन दिवसांचा नाश्ता आणि पिशवीतला खाऊ एकदमच घ्या. खोलीत फ्रीज आणि पाणी तापवायची सोय आहे का, हे बुकिंग करतानाच विचारलेलं असावं, कारण त्यावर यादी ठरते. पिशवीसाठी उन्हात न वितळणारं, न चिरडणारं, हात न बरबटणारं घ्या: सुकामेवा, खारी बिस्किटं, घट्ट सालीची फळं. चॉकलेट नको. खारट काहीतरी असू द्या. दिवसभर घाम गाळल्यावर नुसतं पाणी पुरत नाही. क्षारांच्या पुडीची दोन-चार पाकिटं ठेवली तर उन्हाळ्यात फार उपयोगी पडतात.

खाऊची पिशवी एकाच मोठ्या माणसाकडे असावी आणि ती रांगेत उघडावी. चाळीस मिनिटांची रांग हीच खाऊची खरी वेळ. मुलांचं लक्षही गुंतून राहतं आणि रांगेतून बाहेर पडल्यावर 'भूक लागली' ऐकू येत नाही.

ॲपवरून ऑर्डर

मोठ्या पार्कमध्ये काउंटरचं जेवण ॲपवरून मागवता येतं. पद्धत समजून घ्या, कारण तिथे जाऊन शिकायला वेळ नसतो. सकाळी रांगेत उभं असतानाच पदार्थ निवडून ११ ते ११.३० अशी वेळ घ्यायची. पैसे तिथेच भरायचे. काउंटरपाशी पोचलं की ॲपमध्ये 'मी आलो' असं कळवायचं; त्यानंतरच ते जेवण तयार करायला घेतात. पोचायच्या दोन-तीन मिनिटं आधी कळवलं तर चालतं, पण अर्धा तास आधी कळवलं तर अन्न गार होऊन पडतं. खरा फायदा असा की मेन्यू आणि बेरीज निवांत डोळ्यासमोर असते, मागे उभ्या माणसाच्या घाईचं दडपण नसतं. ॲपमध्ये कार्ड आणि ॲलर्जीची माहिती घरूनच भरून ठेवा आणि भरलेली पॉवर बँक जवळ बाळगा. दुपारी फोन बंद पडला तर तिकीटही त्यातच अडकतं.

मोठ्यांची ताटं अनेक ठिकाणी भरपूर असतात. दोन मोठ्यांत एक मुख्य पदार्थ आणि एक जोडपदार्थ पुरतो का, हे पहिल्या दुपारी बघा. पुरला तर पुढच्या दिवसांचा हिशेब हलका होईल.

मुलांशी आधीच बोला

मुलांना 'नाही' म्हणायची वेळ आली की दोघांचाही दिवस खराब होतो. त्याऐवजी घरीच बसून सांगा: रोज एक खाऊ तुझ्या आवडीचा, कोणता आणि कधी ते तूच ठरव. आठ-नऊ वर्षांच्या मुलाच्या हातात त्या दिवसाचे खाऊचे पैसे वेगळे द्या. सकाळी दहाला आईस्क्रीम घेतलं तर दुपारी काही नाही, हे ते स्वतः समजून घेतं आणि गाडीपाशी उभं राहून फार गंभीरपणे विचार करतं. धाकट्यासाठी तीन चिठ्ठ्या करा, रोज एक. हा मुलांचा हक्काचा पैसा आहे; दिवस महाग गेला म्हणून तो कापू नका.

खेळण्याच्या आकाराचे पॉपकॉर्नचे डबे दिसले की मुलं हटून बसतात. पुन्हा भरून घेण्याची किंमत खरंच कमी असेल आणि पहिल्याच दिवशी घेत असाल तरच तो परवडतो. शेवटच्या दुपारी घेतलेला डबा म्हणजे महाग खेळणं, आणि तो खेळण्याच्याच खात्यात लिहावा.

प्रीपेड योजना घ्यावी का?

काही पार्क जेवणाचे पैसे आधीच भरून घेणारी योजना विकतात. डिस्ने वर्ल्डची अशी योजना मधल्या काळात बंद होती आणि जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा सुरू झाली. ती त्यांच्या हॉटेलच्या पॅकेजसोबतच मिळते. घ्यायची की नाही हे जाहिरातीवरून ठरवू नका. वर केलेला हिशेब तुमच्या खऱ्या भावांनी पूर्ण करा आणि त्याची बेरीज योजनेच्या किमतीशेजारी ठेवा. योजना स्वस्त दिसली तर त्यातलं सगळं तुम्ही खरंच खाल का, हेही विचारा. आधी पैसे भरले म्हणून भूक नसताना बफेला बसणारी कुटुंबं पाहिली की वाईट वाटतं. दिवसभर पेय भरून देणाऱ्या मगचंही असंच: मगची किंमत भागिले एका पेयाची किंमत. जो आकडा येईल त्यापेक्षा जास्त वेळा भरणार असाल तर घ्या.

ॲलर्जी, बाळ आणि आजी-आजोबा

ॲलर्जी असेल तर बुकिंग करताना लिहून द्या आणि काउंटरवर पुन्हा तोंडी सांगा. 'शाकाहारी' एवढंच सांगून भागत नाही. रश्शात, तळणाच्या तेलात काय आहे हे स्पष्ट विचारा. वैद्यकीय आहार आणि बाळाचं खाणं यांना डबाबंदीतून बहुतेक पार्क सूट देतात, मात्र फाटकावर ते सांगावं लागतं. बाळांना दूध पाजण्याची, खाणं गरम करण्याची सोय असलेलं केंद्र नकाशात आधीच खूण करून ठेवा. आजी-आजोबांना मधुमेह असेल तर जेवणाची वेळ राइडच्या रांगेवर सोडू नका. अकरा म्हणजे अकरा. गोळ्या आणि पटकन साखर देणारं काहीतरी त्यांच्या स्वतःच्या खिशात असावं, तुमच्या पिशवीत नको. गर्दीत तुम्ही दोन वेगळ्या राइडना जाल तेव्हा पिशवी त्यांच्याजवळ नसेल.

रोज रात्रीची पाच मिनिटं

झोपण्याआधी दिवसाचा खर्च वहीत किंवा फोनवर लिहा, फक्त चार ओळी: जेवण, खाऊ, पाणी-पेय, अनपेक्षित. पहिल्या रात्री आकडा ठरवल्यापेक्षा जास्त आला तर घाबरू नका, अनपेक्षितच्या ओळीत काय आहे ते बघा. बहुतेक वेळा संध्याकाळी पाचचं जेवण चुकलं आणि सातला सगळ्यांनी तीन वेगळ्या गाड्यांवरून काहीतरी घेतलं, असंच काहीतरी निघतं. मग दुसऱ्या दिवशी जेवणाची वेळ दुरुस्त करायची, ताटातलं कमी करायचं नाही.

राखीव १० टक्के दुसऱ्या रात्रीपर्यंत शिल्लक असतील तर तिसऱ्या दिवशी मुलांना एक जादा खाऊ खुशाल द्या. परतीच्या सकाळचा नाश्ता मात्र त्यातून करू नका. विमानतळावर आणि महामार्गावर खाणं पार्कइतकंच महाग पडतं. किराण्याच्या यादीत पहिल्या संध्याकाळीच एक जादा सकाळ धरा आणि ती चार पाकिटं बॅगेच्या वरच्या कप्प्यात वेगळी बांधून ठेवा.